खेळ विनामूल्य, पुढील भांडवलाचे काय?

मोबाइलवरील खेळ म्हणजे निव्वळ करमणूक, या समजाला कोलकात्यातील एका छोट्या प्रयोगाने २०१६ मध्ये छेद दिला. छायाचित्रकार लीना केजरीवाल आणि 'फ्लाइंग रोबोट स्टुडिओज'चे सत्यजित चक्रवर्ती यांच्या 'मिसिंग' या खेळात खेळणारा मानवी तस्करीच्या जाळ्यात सापडलेल्या मुलीच्या भूमिकेत शिरतो. प्रत्येक वळणावर निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. सुटकेची हमी मात्र नसते.

जनजागृतीच्या हेतूने हा खेळ विनामूल्य ठेवण्यात आला. परंतु किंमत न घेणाऱ्या निर्मात्यापाशी पुढील कामासाठी भांडवल उरत नाही. विस्तारित आवृत्तीसाठी २०१८ मध्ये 'किकस्टार्टर' या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले.

स्वतंत्र निर्मात्यांची ही अडचण आता शासकीय धोरणाशीही जोडली गेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याचबरोबर ई-स्पोर्ट्स आणि करमणूक व शिक्षणपर खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. हे उत्तेजन अर्थसाहाय्याच्या रूपाने अशा छोट्या निर्मात्यांपर्यंत पोहोचते का, यावरच या तरतुदीचे यश अवलंबून राहील.