जाब कोणाला विचारायचा?



२०२५ च्या दिवाळीनंतर सिरसाळ्यात बैठक झाली, तेव्हा आम्ही भाषण केले नाही. तीन प्रश्न विचारले. समोर साठ-सत्तर माणसे होती, बहुतेक कापूस आणि ज्वारीवाली, सगळी कोरडवाहू.

पहिला प्रश्न : कापसाचा हमीभाव कोण ठरवते? उत्तरे आली : कलेक्टर, आमदार, बाजार समिती. मागून एक आजोबा म्हणाले, "व्यापारी!" सगळे हसले, पण पटले सगळ्यांना.

दुसरा प्रश्न : तुमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य आज कोण आहे? तीन-चार नावे आली, त्यावर वादही झाला. एकही उत्तर बरोबर नव्हते. कारण त्या दिवशी सदस्य कोणीच नव्हता. बीड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती.

तिसरा प्रश्न : तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत ठराव काय झाला? सगळे गप्प. कडेला बसलेल्या एक बाई तेवढ्या बोलल्या, "आम्हाला कोणी बोलावलं तर कळंल ना, भाऊ."

यावरून शेतकरी अडाणी आहे असे कोणी म्हणेल, तर आम्हाला ते मान्य नाही. याच माणसांना कोणत्या वाणाने कोणत्या वर्षी एकरी किती उतारा दिला, फवारणीला किती गेले, सावकाराचे किती राहिले, हे सारे तोंडपाठ आहे. बुद्धी कमी नाही. हा हिशेब त्यांना कोणी शिकवला नाही, एवढेच. शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला लावलेले शेपूट. ते पाठ करायचे, लिहायचे आणि विसरायचे.

आणि आम्ही तरी कोण मोठे शहाणे? परभणीच्या विद्यापीठातून शेतीची पदवी घेऊन बाहेर पडलो, तेव्हा बोंडअळीचा पतंग ओळखता येत होता, रानात तुडतुडे मोजता येत होते. पण त्या कापसाचा भाव कोणत्या दारात ठरतो, हे धड सांगता येत नव्हते. चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने खडसावले, तेव्हा कुठे वाचायला बसलो.

आता पुढाऱ्यांकडे वळू. पंचायत समितीला उभा राहिलेला उमेदवार कापसाला दहा हजार भाव देण्याचे वचन देतो. कापसाच्या भावात पंचायत समितीचा काडीचा संबंध नाही. लोकसभेचा उमेदवार गावात येऊन नाली आणि सभामंडप कबूल करतो. ते काम ग्रामपंचायतीचे. यातल्या काहींना खरोखरच ठाऊक नसते. काहींना पक्के ठाऊक असते, पण आपल्याला ठाऊक नाही हेही त्यांना ठाऊक असते. पहिल्या जातीच्या पुढाऱ्याला शिकवता येईल. दुसऱ्या जातीचा तर आपल्या न कळण्यावरच जगतो. ज्याच्या हातात काम नाही त्याने वचन द्यायचे आणि ज्याच्या हातात आहे त्याला कोणी विचारायचे नाही, असा हा सोयीचा संसार आहे.

या न कळण्याची किंमत किती, ते कापसावरूनच पाहा. हमीभावाची शिफारस दिल्लीतला कृषी मूल्य आयोग करतो, मंजुरी केंद्राचे मंत्रिमंडळ देते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाले. संकरित ज्वारीला ३,६९९, मालदांडीला ३,७४९. कापूस खरेदी करणारे कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, केंद्राच्याच वस्त्रोद्योग खात्याखाली. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते, तेही केंद्राच्या हातात. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने ते उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या वेचणीचा आणि विक्रीचा नेमका हंगाम.

खेडा खरेदीत भाव हमीभावाच्या खाली बोलला जाऊ लागला, तेव्हा आपण काय केले? तहसीलवर गेलो. घोषणा दिल्या, निवेदन दिले, पोच घेतली, फोटो काढला. आम्हीही त्यात होतो. तहसीलदाराच्या हातात ना भाव, ना शुल्क. तो कागद वर पाठवतो. वर गेलेल्या कागदाचे पुढे काय झाले, हे विचारायला आपण पुन्हा गेलो नाही. आपल्या खासदाराला मात्र "संसदेत या शुल्कावर तुम्ही काय बोललात?" असे एका तरी गावाने लेखी विचारले का? आमच्या माहितीत तरी नाही.

यामागे जुनी सवय आहे. आपले आजे-पणजे निजामाच्या राज्यात रयत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले. १९५१-५२ च्या निवडणुकीत इथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला, बाईला आणि गड्याला, मत मिळाले. पण निवेदनात आपण अजून लिहितो, "मायबाप सरकारने कृपा करावी." रयत कृपा मागते. नागरिक हिशेब मागतो.

जिल्हा परिषदेचेच घ्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. पंचायतींची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, पुढे ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. २०२५ साल संपले तरी आपल्या जिल्हा परिषदेत प्रशासकच होता. इतकी वर्षे शाळा, दवाखाना, जनावरांचा दवाखाना, गावचे रस्ते यांचा कारभार निवडून न आलेल्या माणसाकडे राहिला. त्याविरुद्ध बांधावर कोणी चकार शब्द काढला नाही. खुर्चीत माणूस नाही, हेच आपल्याला कळले नव्हते.

ग्रामसभेची गत तीच. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यात जो आकडा कमी तो. माणसे जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. यातली मेख ध्यानात घ्या. आपण घरी बसलो म्हणून ठराव अडत नाही. उलट पाच-सात माणसांत तो सहज होतो आणि घरकुलाच्या यादीत कोण बसले, ते आपल्याला यादी लागल्यावर कळते.

बैठकीत एक जण म्हणाला, "कायदा कळून पाऊस पडतो का?" नाही पडत. दुसरा हळू आवाजात म्हणाला, "बोलणाऱ्याचं काय होतं ते बघितलं आम्ही." ९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हापासून ही भीती घराघरात आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच एकट्याने शहाणे होऊन भागत नाही. एकट्या माणसाला गाठता येते. शंभर माणसांना एकच गोष्ट ठाऊक असेल आणि शंभर सह्या एका कागदावर असतील, तर कोणाला गाठणार?

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. पहिले, एका कागदावर आपली सगळी गाऱ्हाणी लिहावी आणि प्रत्येकापुढे ते काम कोणाचे ते लिहावे : ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य की केंद्र. अडेल तिथे आम्हाला विचारावे. आम्हालाही अडले तर मिळून शोधू. दुसरे, येत्या ग्रामसभेला घरटी दोन माणसे, त्यात एक बाई, आणि ठराव नोंदवहीत लिहून झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही. तिसरे, ज्या कामाचे उत्तर मिळत नाही त्यावर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस.

आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या जातीचा असो, पाहुण्यातला असो की आपल्या चळवळीतला, आधी एवढेच विचारा : "तुम्ही जे कबूल करता, ते तुमच्या खुर्चीच्या हातात आहे का?" उत्तर देता आले नाही, तर चहा पाजून वाटेला लावा.

कागद घेऊन या. सिरसाळ्याला भेटू.