हिरा झिजत नाही, त्याला धरणारे सोने झिजते

गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, देवनार या भागातल्या आपल्या घरांत हिऱ्यांचे हार नसतात. असते ती अम्मीने दिलेली नाकातली चमकी, निकाहच्या दिवशी सासरहून आलेली अंगठी, फार तर कानातले टॉप्स. कुर्ल्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात 2010 पासून भारत डायमंड बोर्समध्ये हिऱ्यांचा घाऊक व्यापार चालतो. तिथल्या व्यवहारापुढे आपला पाच सेंटचा हिरा म्हणजे काहीच नाही. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम आणि एका कॅरेटचे 100 सेंट होतात. म्हणजे पाच सेंटच्या हिऱ्याचे वजन अवघे 10 मिलीग्रॅम, तांदळाच्या दाण्याहूनही कमी. पण ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून मापून चालतो, त्या घरात हा एवढासा खडा स्त्रीच्या नावावरची एकमेव जमा असू शकते. म्हणून या महिन्यात त्याच्या निगराणीविषयी बोलू.

हिरा हा निसर्गातला सर्वांत कठीण खनिज पदार्थ, म्हणून तो सांभाळायची गरज नाही असा बऱ्याच भगिनींचा समज असतो. कठीण आहे याचा अर्थ त्यावर सहजी ओरखडा उठत नाही, एवढाच. ठराविक दिशेने जोराचा फटका बसला तर हिऱ्याचा टवका उडतो. आणि बहुतेक हिरे फुटून जात नाहीत, ते पडून जातात. खड्याला धरून ठेवणारे सोन्याचे बारीक पंजे रोजच्या वापराने झिजतात, वाकतात, आणि एक दिवस जागा रिकामी दिसते. म्हणून लक्ष ठेवायचे ते पंज्यांवर. ओढणीचा किंवा दुपट्ट्याचा धागा अंगठीत वारंवार अडकू लागला, तर एखादा पंजा वर आला आहे असे समजावे. अंगठी कानाजवळ धरून हलकेच हलवा. किणकिण ऐकू आली तर खडा सैल झाला आहे. असा दागिना बोटात न ठेवता डबीत ठेवावा आणि सराफाकडे न्यावा. दुरुस्ती लहानशीच असते, आणि ती वेळेवर झाली तर खडा वाचतो. वापरातला दागिना सहा महिन्यांतून एकदा तरी भिंगाखाली पाहून घ्यावा.

आपल्या घरातल्या दोन सवयींचा इथे खास विचार हवा. पहिली वुजूची. अंगठी घट्ट असेल तर तिच्याखाली पाणी पोहोचावे म्हणून ती हलवावी लागते, आणि सैल असेल तर पाणी आपोआप पोहोचते. म्हणजे वुजूसाठी अंगठी काढून नळाच्या कठड्यावर ठेवण्याची गरज नाही. तिथूनच ती मोरीत जाते, किंवा सामायिक नळावर विसरली जाते. काढायचीच असेल तर खिशात किंवा ओढणीच्या गाठीत बांधावी. चमकीचे तसेच. नाकात पाणी घेताना आणि चेहरा पुसताना तिचा मागचा पेच दिवसातून पाच वेळा हलतो. झोपण्यापूर्वी बोटाने चाचपून पेच घट्ट करण्याची सवय लावली तर चमकी उशीत हरवत नाही.

दुसरी सवय स्वयंपाकघरातली. कणीक मळताना पीठ पंज्यांखाली जाऊन बसते, आणि गोश्त धुताना चरबी खड्याला चिकटते. हिऱ्याचा गुणच असा की पाणी त्यावर ठरत नाही, पण तेल आणि चरबी चिकटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीच्या खाणींत याच गुणाचा उपयोग करून घेतला गेला. खडीमिश्रित पाणी चरबी लावलेल्या टेबलावरून सोडायचे. खडी वाहून जायची आणि हिरे चरबीला चिकटून राहायचे. आपल्या अंगठीत हेच उलट होते. हिरा काळवंडला, जुना झाला असे वाटते, तेव्हा बहुधा त्याच्या पाठीवर तेलाचा थर बसलेला असतो. म्हणून मळताना, मेहंदी आणि उटणे लावताना, केसांना तेल चोळताना अंगठी काढून ठेवावी. अत्तर आणि क्रीम आधी लावावे, दागिना शेवटी घालावा.

साफ करायला महागडे काही लागत नाही. एका वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात भांडी धुण्याच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि दागिना पंधरा-वीस मिनिटे भिजत ठेवा. मग लहान मुलाच्या मऊ ब्रशने, विशेषतः खड्याच्या मागच्या बाजूने, हलक्या हाताने घासा. दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ पाण्यात खंगाळा आणि मलमलच्या कापडाने टिपा. हे काम वाहत्या नळाखाली कधीच करू नये. वाटीतले पाणीही फेकण्याआधी खडे मोजून घ्यावेत. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, राख, चिंच यांपैकी काही वापरू नका, त्यांनी सोन्यावर ओरखडे येतात किंवा रंग जातो. ब्लीचमधला क्लोरीन तर सोन्यात मिसळलेल्या धातूंना खातो आणि पंजे ठिसूळ करतो. बाथरूम धुताना हातात अंगठी नको.

मात्र ही रीत उघड्या बैठकीतल्या हिऱ्यांसाठीच आहे. कुंदन आणि जडाऊ कामात खड्यामागे चमकदार पत्रा बसवलेला असतो. तिथे पाणी शिरले की खडा कायमचा निस्तेज होतो. मोती, पोवळे, फिरोजा, पाचू यांनाही साबणाचे पाणी सोसत नाही. असे दागिने फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. हिऱ्याने दुसरा हिराही कोरला जातो, मग सोने आणि मोती यांचे काय! म्हणून सगळे दागिने एकाच डबीत कोंबू नका. प्रत्येकाला वेगळी कापडी थैली शिवा.

आता ठेवायचे कुठे? छोट्या घरात दागिना तांदळाच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये, पोटमाळ्यावरच्या खोक्यात लपवला जातो. घरातल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते, आणि ईदच्या साफसफाईत तेच खोके भंगारवाल्याकडे जाते. लपवण्याची जागा घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असलीच पाहिजे. जिथे पावसाळ्यात पाणी शिरते तिथे जागा जमिनीपासून उंच हवी. बँकेचे लॉकर मिळत असेल तर उत्तम, पण तिथलाही नियम माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची फसवणूक यांत नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडे 2000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 2 लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, तेवढीही नसते. लॉकरला नॉमिनीचे नाव जरूर लावा. आणि दारावर येऊन दागिने चमकवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती काही देऊ नका. तो जे पाणी वापरतो त्यात सोनेच विरघळते. अशा वेळी दार लावून 112 वर फोन करावा.

दुरुस्तीला दागिना देताना पावतीवर वजन, खड्यांची संख्या आणि अंदाजे सेंट लिहून घ्या, आणि सराफासमोरच मोबाइलवर जवळून फोटो काढा. डाग देण्याचे काम असेल तर खडा काढून किंवा झाकून करायला सांगा. ज्योतीच्या थेट तापाने हिऱ्यावर दुधासारखा पापुद्रा येतो.

बिल हा दागिन्याचाच भाग समजावा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे आणि तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. हिऱ्याचे दागिने बहुधा 18 कॅरेटमध्ये घडतात, त्यावर 18के750 असा शिक्का असतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याबद्दल काही सांगत नाही. आणि 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे आपल्या चमकीवर बहुधा कुठलाच शिक्का नसतो, तिचा पुरावा म्हणजे फक्त बिल. त्यात सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट, हिऱ्याचे सेंट, घडणावळ हे वेगवेगळे लिहिलेले असावे, आणि हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत बनवलेला हेही. प्रयोगशाळेतला हिराही खराच हिरा असतो, पण तो बराच स्वस्त मिळतो, आणि सराफाच्या साध्या टेस्टर पेनला दोघांतला फरक कळत नाही. विकताना कागद नसेल तर आपले म्हणणे कुणी ऐकत नाही.

हे वेगळे वजन जकातीच्या हिशेबालाही लागते. वापरातल्या हिऱ्यावर जकात नाही, तो व्यापाराचा माल असेल तर आहे. पण त्याभोवतीचे सोने हनफी फिकहनुसार हिशेबात येते. साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, हा सोन्याचा निसाब, आणि चांदी व रोकड जवळ असेल तर ती जोडून पाहावे लागते. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत. त्या फिकहच्या प्रचलित मतानुसार वापरातल्या जायज दागिन्यावर जकात येत नाही. आपल्या घरासाठी काय लागू आहे ते रमजानच्या आधीच आलिमांना विचारून घ्यावे.

शेवटी सर्वांत नाजूक गोष्ट. नणंदेच्या किंवा जावेच्या निकाहात दागिना मागून नेला जातो. नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण तो परत येतो तेव्हा खडा हलत असतो, कधी तो परतच येत नाही, आणि बोलणे बंद होते. सूरह निसाच्या 58व्या आयतीत अमानत तिच्या मालकाला पोहोचवण्याचा हुकूम आहे. देताना दोघींनी मिळून फोटो काढला, तारीख लिहिली, यात अविश्वास नाही. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला सूरह बकरातच मिळाली आहे.

तसेच मालकीचे. मेहर आणि निकाहात तिला मिळालेले दागिने स्त्रीचे आहेत, सासऱ्यांचे नाहीत आणि माहेरचेही नाहीत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घेण्याचा नियम देशात 1985 पासून आहे. भेटीचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, एवढेच त्यात लिहायचे असते. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याचे कलम 3 तलाकनंतर असे सर्व सामान परत मिळण्याचा हक्क देते. पण हक्क मागताना सामान कोणते होते हे दाखवावे लागते, आणि तेव्हा आठवण पुरत नाही, यादी लागते. निकाहनामा जपतो त्याच पिशवीत ही यादी आणि बिले ठेवा, आणि त्यांचा एक फोटो अम्मी किंवा बहिणीच्या मोबाइलवर असू द्या.

या जुम्म्याच्या सुट्या वेळात एवढे करा. चमकी आणि अंगठी वाटीतल्या पाण्यात भिजत घाला, आणि ती भिजते आहे तोवर तिचे बिल शोधून काढा. बिल सापडले नाही, तर सराफाकडून वजन आणि सेंट लिहिलेली पावती करून घ्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या अमानतींची हिफाजत करो.