आधी डॉक्टर, मग भांडण

रविवारी कुत्र्याचं पिल्लू घरी येतं. मुलं त्याचं नाव ठेवतात, शेजारीपाजारी बघून जातात, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो पडतात. मंगळवारी ते जरा मलूल वाटतं. बुधवारी खाणं सोडतं, दोनदा ओकतं आणि संध्याकाळी जुलाबात रक्त दिसतं. विकणाऱ्याला फोन लावला की ठरलेलं उत्तर येतं : ‘हवापाण्यातला बदल आहे, दोन दिवसांत होईल ठीक. दहीभात द्या.’

पिल्लं दगावतात ती याच दोन दिवसांत. म्हणून भांडण, पैसे, परतावा हे सगळं नंतर. आधी पिल्लू उचला आणि दवाखाना गाठा. लवकर गेलात तर पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते आणि पुढे भांडायची वेळ आलीच, तर तुमच्या हातात डॉक्टरचा कागद असतो. उशिरा गेलात तर दोन्ही गमावता.

दवाखान्यात

नव्या पिल्लांमधला सगळ्यात घातक आजार म्हणजे पार्वो. सुस्ती, उलट्या, घाण वासाचे रक्ताळ जुलाब ही त्याची लक्षणं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर सलाइन, उलट्या थांबवणारी औषधं आणि नीट देखभाल मिळाली तर बरीचशी वाचतात. विष्ठेच्या नमुन्यावरून दवाखान्यातच काही मिनिटांत तपासणी होते. ती आग्रहाने करून घ्या. डोळ्या-नाकातून चिकट स्राव, ताप, खोकला आणि नंतर अंगाला झटके असतील तर डॉक्टर डिस्टेंपरचा संशय घेतात. फुगलेलं पोट आणि फिकट हिरड्या जंतांकडे बोट दाखवतात. जंत बऱ्याचदा आईकडूनच आलेले असतात, काही तर जन्माआधीच. चिमुकल्या जातींची पिल्लं काही तास उपाशी राहिली तरी रक्तातली साखर उतरून थरथरायला लागतात. अशा वेळी दवाखान्यात नेता नेता हिरडीला थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा.

घरी दोन गोष्टी बघता येतात. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. माणसांच्या तापाची किंवा जुलाबाची गोळी पिल्लाला कधीही देऊ नका. गाईचं दूधही नको, त्याने जुलाब वाढू शकतात.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सरकारी सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथेही अशी महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखाने सर्वांसाठी खुले असतात. खर्च कमी येतो आणि तिथला कागद पुढे वजनदार ठरतो.

पार्वो निघाला तर आणखी एक काळजी घ्या. विकणारा म्हणेल, ‘हे परत आणा, दुसरं देतो.’ दुसरं पिल्लू त्याच घरात आणू नका. पार्वोचा विषाणू फरशीवर, गादीत, बागेच्या मातीत कित्येक महिने तग धरतो आणि फिनेलने मरत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं तर मरतो. आजारी पिल्लाला सोसायटीच्या आवारात फिरवू नका, त्याची विष्ठा लगेच उचला. नाहीतर गल्लीतल्या पिल्लांनाही तोच आजार जडतो. आणि आजारी पिल्लू परत देण्याआधी विचारा, की तिकडे त्याच्यावर उपचार कोण करणार? उत्तर गुळमुळीत असेल तर उपचार स्वतःच्या हातात ठेवा आणि बिलं सांभाळा.

कागद

डॉक्टरकडून पावतीच्या पलीकडे एक गोष्ट मागून घ्या : लेटरहेडवर लिहिलेला अहवाल. त्यात तपासणीची तारीख, पिल्लाचं अंदाजे वय, वजन, निदान आणि तपासणीचा निकाल असावा. हे दुखणं विकत घेण्याआधीच अंगात असण्याची शक्यता किती, हेही डॉक्टरांना लिहायला सांगा. सगळा वाद शेवटी याच एका ओळीवर येऊन ठेपतो.

इथे थोडा हिशेब कळायला हवा. पार्वोचा जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. पिल्लू आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजारी पडलं तर जंतू घेऊनच ते आलं, असं डॉक्टर बऱ्यापैकी ठामपणे सांगू शकतात. विसाव्या दिवशी पार्वो झाला तर दोष विकणाऱ्याच्या माथी मारणं अवघड. डिस्टेंपर मात्र अंगात एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ दडून राहू शकतो. हृदयातला जन्मजात दोष किंवा हर्निया पहिल्या तपासणीतच सापडू शकतो. म्हणून पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी आणल्यापासून दोन दिवसांत तपासून घ्या.

आता लसीचं कार्ड बघा. डॉक्टरने दिलेल्या लसीचं स्टिकर कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो आणि शेजारी डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसत्या पेनाने ‘पहिली लस दिली’ असं लिहिलेलं असेल तर ते कार्ड फारसं कामाचं नाही. खरी लस असली तरी एका लसीने पिल्लू सुरक्षित होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लसीला काम करू देत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत लस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ‘लस झालेली आहे, घाबरू नका’ या वाक्यावर विसंबू नका. केनेल क्लबचे ‘पेपर’ दाखवले जातात, तेही पिल्लाच्या वंशावळीचे असतात. त्यांचा तब्येतीशी काही संबंध नाही.

मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं, यूपीआयची नोंद, पिल्लाचे रोजचे फोटो आणि व्हिडिओ एका जागी साठवून ठेवा. रोख पैसे दिले असतील तर विकणाऱ्याला साधा मेसेज टाका : ‘अमुक तारखेला अमुक रकमेला तुमच्याकडून घेतलेलं पिल्लू आजारी आहे.’ त्याने उत्तरात ते नाकारलं नाही, तर तेही एक कागदच. पुढे हे चॅट ग्राहक आयोगापुढे ठेवायचं झालं तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. म्हणून चॅट पुसू नका आणि फोन बदलायची घाई करू नका.

दुर्दैवाने पिल्लू गेलं, तर लगेच पुरू नका. मन धजत नाही, हे कळतं. पण सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घेतलं तर मरणाचं कारण कागदावर येतं. तोवर शव थंड जागी ठेवा, गोठवू नका.

भांडण

दुकानाच्या पावतीवर किंवा फळ्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून लोक गप्प बसतात. बसू नका. कायद्याच्या भाषेत कुत्र्याचं पिल्लू ही जंगम मालमत्ता, म्हणजे वस्तूच. ऐकायला वाईट वाटतं, पण या ठिकाणी तेच तुमच्या उपयोगाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो.

त्याशिवाय २०१७ चे कुत्र्यांच्या पैदास व विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आता जाहिरात पुन्हा वाचा. ‘४५ दिवसांचं पिल्लू’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही पुरते नाहीत. विकणाऱ्याने आपणहून नियमभंगाची कबुली छापून ठेवलेली असते, आणि तुमच्याकडे तिचा स्क्रीनशॉट असतो.

आधी शांतपणे लेखी मागणी करा : पिल्लाची किंमत, उपचाराचा खर्च, उत्तरासाठी १५ दिवस. मेसेज करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पोच सांभाळा. आवाज चढवू नका आणि समाजमाध्यमांवर नाव घेऊन शिव्या घालू नका. उलट तुमच्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस यायची. बरेच विकणारे लेखी कागद बघून तडजोडीला येतात. उपचाराचा अर्धा खर्च मिळत असेल आणि तुम्हाला वाद संपवायचा असेल तर घ्या, पण ते लेखी करा.

काहीच झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून मध्यस्थी होते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा परगावचा असला तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीला फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची. पिल्लाची किंमत, औषधोपचार, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, चारही मागा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून लोकांना मार्गदर्शन करते. एकट्याने कागद लिहायला जड जात असेल तर तिथे विचारा. ओळखीतल्या कुणी घरच्या कुत्रीचं एखादं पिल्लू दिलं असेल तर मात्र व्यापारी म्हणून त्याला पकडणं कठीण. तिथे समजुतीनेच घ्या. आणि जिथे पिंजऱ्यात कोंबून, आईपासून तोडून पिल्लं विकली जातात, त्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यात किंवा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीत करा.

पुष्कळ लोक इथपर्यंत येऊन थांबतात. ‘जीवच गेला, त्याचे पैसे काय मागायचे?’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांच्या दुःखाचा मान ठेवून सांगावंसं वाटतं, की पैसे तुमच्यासाठी मागू नका. त्याच पिंजऱ्यात पुढच्या आठवड्यात दुसरी पिल्लं बसणार आहेत आणि ती दुसऱ्या कुणाच्या मुलांच्या हातात जाणार आहेत. आजारी पिल्लू विकण्याची किंमत विकणाऱ्याला मोजावी लागत नाही, तोवर तो आईला लस देणार नाही, पिंजरा धुणार नाही आणि आठ आठवडे थांबणारही नाही.

अजून पिल्लू आणलं नसेल, तर तीन गोष्टी करून मग जा. आई दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. बिल आणि स्टिकर असलेलं लसीचं कार्ड हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर, तसंच रात्री कुठला दवाखाना उघडा असतो तेही, आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.