सोंग आणि सक्ती

गेल्या मार्गशीर्षांतील एका गुरुवारची सकाळ. आमच्या दारांत ढोलकें घुमूं लागलें आणि पाठोपाठ कोरड्याचा कडाका ऐकूं आला. पोतराज आला होता. कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, कपाळीं मळवट, पायांत घुंगरू. मागें मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली त्याची बायको. आमचा चार वर्षांचा नातू प्रथम कौतुकानें दाराशीं धांवला. पण कोरडा कडाडतांच रडत रडत आजीच्या पदराआड दडला. सूनबाईंनीं दहा रुपये दिले. पोतराज हलेना. देवी कोपेल असें बजावून त्यानें उंबऱ्याशीं आणखी दोनदां कोरडा ओढला. अखेर पन्नासाची नोट घेऊन स्वारी शेजारच्या दाराकडे वळली.

आम्हांस प्रथम राग आला तो पोतराजाचा. नंतर थोडासा स्वतःचाहि. कारण ते पन्नास रुपये दानहि नव्हते आणि कलेची बिदागीहि नव्हती. मूल गप्प व्हावें व दार मोकळें व्हावें म्हणून भरलेला तो दंड होता.

योगायोग असा कीं, त्याच पंधरवड्यांत न्यूयॉर्क येथें असलेल्या आमच्या भाचीचें पत्र आलें. आपल्या मुलास घेऊन ती टाइम्स स्क्वेअर या चौकांत गेली होती. तेथें मुलांच्या आवडत्या चित्रकथांतील व दूरचित्रवाणीवरील पात्रांचे वेष घेतलेले लोक उभे असतात. एका लाल केसाळ बाहुल्यास मुलानें मिठी मारली. भाचीनें छायाचित्र घेतलें. तेवढ्यांत न बोलावतां आणखी दोन सोंगें बाजूस येऊन उभीं राहिलीं आणि मग तिघांनींहि हात पुढें केले. तिनें वीस डॉलर देऊन सुटका करून घेतली. ती लिहिते, "मामा, पैशांचें कांहीं नाहीं हो, पण मुखवट्याच्या आंत कोण आहे हें दिसत नव्हतें, आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर त्याचा हात होता."

हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें. सोंगाची मौज आणि सोंगाची भीति हीं दोन्ही एकाच गोष्टींतून उपजतात: आंतला माणूस दिसत नाहीं. जोंवर त्याचा हात आपण झिडकारूं शकतों, तोंवर मौज. झिडकारतां येईनासा झाला कीं भीति.

न्यूयॉर्कच्या लोकांस हा प्रश्न चांगलाच जाचला आहे. २०१३ सालीं त्याच चौकांतील अशा एका सोंगाड्यावर, पैसे न मिळाल्यावरून दोन वर्षांच्या मुलास ढकलल्याचा आरोप आला; पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एकावर पोलिसास ठोसा मारल्याचा. पण तेथील राज्यघटनेनें दिलेल्या भाषणस्वातंत्र्यामुळें वेष घेऊन पैसे मागण्यावर सरसकट बंदी घालणें कठीण. शिवाय त्या मुखवट्यांमागें पुष्कळदां लॅटिन अमेरिकेंतून पोटासाठीं आलेलीं गरीब माणसें असतात. तेव्हां २०१६ सालीं नगरपालिकेनें मध्यम मार्ग काढला. चौकांत रंगानें आंखलेल्या जागा ठरवून दिल्या; बिदागी मागावयाची ती त्या रेषेच्या आंत. ज्यास हौस असेल त्यानें रेषा ओलांडावी. नसेल त्यानें आपल्या वाटेनें जावें. उपाय परिपूर्ण नसेल, पण त्यांतील विवेक आम्हांस पटला. त्यानें वेषाला बेडी घातली नाहीं; नकाराला मात्र जागा करून दिली.

रोम शहरानें याहून कडक वाट धरली. कोलोसियम या प्राचीन रंगभूमीपाशीं शिरस्त्राण व लाल झगा घालून रोमन योद्धे बनलेले लोक प्रवाशांबरोबर छायाचित्रें काढून घेतात आणि मग वाटेल ती रक्कम मागतात, अशा तक्रारी फार झाल्या. ऑगस्ट २०११ मध्यें तेथील पोलिसांनीं स्वतःच योद्ध्यांचे वेष चढविले आणि प्रतिस्पर्ध्यांना धाकदपटशा दाखविणाऱ्या टोळक्यांतील सुमारें वीस जणांस पकडलें! पुढें २०१५ सालीं कॅथॉलिक पंथाच्या पवित्र वर्षाच्या तोंडावर त्या योद्ध्यांवर बंदीच आली.

पोलिसांनीं सोंग घेतल्याची ही हकीकत वाचतांना आम्हांस पोलिसाचें सोंग घेणारा एक माणूस आठवला. आमच्या लहानपणीं दर वर्षीं सुगीनंतर आजोबांच्या वाड्यांत एक बहुरूपी येई. खाकी पोषाख, छातीवर पट्टा, हातांत दंडुका. पट्ट्याचें बक्कल मात्र पत्र्याच्या डब्याच्या झांकणाचें! ओसरीवर दंडुका आपटून तो गर्जे, "चला आजोबा, वारंट हाय तुमच्यावर!" आम्ही मुलें खांबांआड. आजोबा सुपारी कातरीत शांतपणें विचारीत, "गुन्हा काय बाबा?" त्यावर तो म्हणे, "गेल्या सालीं धोतर देतो म्हनला आन् दिलं न्हाई!" वाडा हास्यानें दणाणून जाई. मग धोतर व पायलीभर ज्वारी घेऊन, आम्हां मुलांस सलाम ठोकून, हवालदारसाहेब पुढच्या घरीं जात.

तेथेंहि क्षणभर भीति होतीच. पण ती उसनी भीति होती. हशाच्या रूपानें ती लगेच परत मिळे, आणि मागणें येई तें त्यानंतर. शिवाय त्यास घरांतील प्रत्येकाचें नांव ठाऊक असे. यंदां उद्धटपणा केला तर पुढच्या सालीं दार बंद होईल, हें तो जाणून होता. आणि यास रिकामा लावला तर गांवांत आपली शोभा होईल, हें आजोबा जाणून होते. शहरांत ही ओळख उरली नाहीं. ओळख गेली, कीं सोंगाची मौज आधीं जाते आणि धाक तेवढा मागें उरतो.

कायद्याची दृष्टि या बाबतींत पाहण्यासारखी आहे. लोकांनीं आपणांस सरकारी नोकर समजावें या हेतूनें त्याचा पोषाख घालणें, हा १८६० च्या दंडसंहितेंत गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो आहे. इजेची भीति घालून पैसे उकळणें हाहि गुन्हाच. म्हणजे येथें बोट ठेवलें आहे तें कापडावर नव्हे, तर फसवणुकीवर व धाकावर. याच्या उलट, १९५९ सालीं मुंबई राज्यानें केलेल्या भीकबंदीच्या कायद्यानें गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करणें अशा निमित्तानें सार्वजनिक जागीं दान मागणेंहि भीक ठरविलें आणि पोलिसांस वॉरंटावांचून धरण्याचा अधिकार दिला. पहिल्याच खेपेस किमान एक वर्ष डांबून ठेवण्याची त्यांत तरतूद आहे. दाराशीं गोड आवाजांत गाणारा वासुदेव आणि उंबऱ्यावर धमकावणारा दांडगा, या दोघांस एकाच दाव्यानें बांधणारा हा न्याय आम्हांस न्याय वाटत नाहीं. दिल्लीस लागू केलेल्या याच कायद्यांतील अनेक कलमें तेथील उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१८ मध्यें घटनाबाह्य ठरविलीं.

त्याच्या अवघा एक महिना आधीं, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जें घडलें तें वाचकांस स्मरत असेल. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेसाठीं आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण मुलें पळविणारे असल्याच्या अफवेवरून जमावाच्या हातून मारले गेले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कचेरींत. अनेक भटक्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार लेखणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ सालीं उठला. संशय मात्र उठला नाहीं. आमच्या भाचीस वाटलेली भीति खरी होती. परंतु परक्या गांवांत झोळी घेऊन शिरणाऱ्याची भीति तिच्याहून किती मोठी असते, हें राईनपाड्यानें दाखविलें. आपण हातांतल्या यंत्रावरून एखादी अफवा पुढें ढकलतों तेव्हां कोरडा आपल्याहि हातीं असतो.

मग नियम तरी कोणता धरावा? तो शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. आपल्या घरांतील आजेपणजे शिकत असतां माधुकरी मागत. भुंगा फुलास न दुखवितां मध घेतो, म्हणून त्या भिक्षेस हें नांव. ठराविक घरें, एकदांच हांक, वाढलें तेवढें घ्यावें, नाहीं म्हटलें तर निमूटपणें पुढें जावें. आणि देणाऱ्या बाईनेंहि दारावर आलेल्यास घालून पाडून बोलूं नये. मागणाऱ्यानें नकार सोसावा, देणाऱ्यानें मान राखावा: एवढ्या दोन गोष्टींवर तो व्यवहार उभा होता. टाइम्स स्क्वेअरची रंगीत रेषा तरी याहून निराळें काय सांगते?

म्हणून आम्हीं आमच्यापुरतें ठरविलें आहे. जो कला दाखवून हात पुढें करील त्यास यथाशक्ति द्यावें, आणि मूल दाराशीं आणून दाखवावें. जो धाक घालील त्यास, तो कोणत्याहि देवाचा वेष घेऊन येवो, एक पैसाहि देऊं नये. कारण भीतीपोटीं दिलेली नोट शेजारच्या दारावरील पुढच्या धमकीची किंमत ठरवून जाते. पण नकार देतांना शब्द सौम्य असावा, आणि संशय आला तरी जमाव न जमवितां पोलिसांस कळवावें.

हा मजकूर लिहीत असतां नातू नवा खेळ खेळत आहे. आजीची ओढणी कमरेस गुंडाळून, दोरीचा तुकडा जमिनीवर आपटीत तो दारांत उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, पैसे द्या!" आम्हीं विचारलें, "आणि नाहीं दिले तर?" क्षणभर विचार करून तो म्हणाला, "मग मी दुसऱ्या घरीं जाईन." आम्हीं त्यास आनंदानें रुपया दिला.