घरकर्ज थकले, ताब्याची नोटीस आली: मोफत वकील कुठे आणि केव्हा मागावा

प्रधानमंत्री आवास योजनेचे व्याज अनुदान घेऊन घर घेतलेल्या अनेकांना वाटते की, सरकारची मदत लागलेले घर बँक ताब्यात घेऊ शकत नाही. हा समज चुकीचा आहे. अनुदानाने हप्त्याचा भार कमी होतो, घर मात्र बँकेकडे तारणच राहते. उलट २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते आणि प्रत्येक वेळी कर्जखाते चालू असावे लागते. म्हणजे कर्ज थकले की घराबरोबर अनुदानही धोक्यात येते.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेला दिवाणी दावा न लावताच घराचा ताबा घेऊन लिलाव करता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये तसा निकाल दिला आहे. बँक कोर्टात जात नसल्यामुळे तुमची बाजू आपोआप कोणासमोर येत नाही. ती तुम्हालाच मांडावी लागते, आणि त्यासाठी वकील लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर

आवास योजनेतले घर बहुतेक वेळा घरातल्या महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असते. इथेच एक मोठा हक्क दडलेला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळू शकतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही उत्पन्न न पाहता ही सेवा मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्यानुसार वेगळी आहे. म्हणून ताई, कर्जात आणि घरात तुमचे नाव असेल तर अर्ज तुमच्या नावाने करा. पतीचे उत्पन्न जास्त आहे म्हणून मागे राहू नका.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यायचा असतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी लिहून घेतात. नियमानुसार अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. मंजुरी मिळाली की वकिलाबरोबर कोर्ट फी, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही प्राधिकरण करते. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा, वकील बदलून मिळतो. चौकशीसाठी १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. गावातल्या सीएससी केंद्रातून टेलि-लॉ सेवेत वकिलाशी बोलताही येते, पण तो फक्त सल्ला असतो. तो वकील तुमच्या वतीने उभा राहत नाही.

कोणता वकील, कुठला वकील

लोकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ओळखीचे वकील तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागतात आणि दोन-तीन महिने निघून जातात. सरफेसीच्या कारवाईत दिवाणी न्यायालयाला सहसा हात घालता येत नाही, कायद्याच्या कलम ३४ ने तशी बंदी आहे. दाद मागायची जागा म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, बोलीभाषेत डीआरटी. महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना बंगळूरू, इंदूरच्या मराठी कुटुंबांना जबलपूर आणि बडोद्याच्या लोकांना अहमदाबाद गाठावे लागते.

मोफत वकील फक्त कोर्टासाठी असतो, न्यायाधिकरणासाठी नाही, असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. १९८७ च्या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणही येते. मात्र अर्जात ‘डीआरटीसमोर सरफेसी प्रकरण’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे त्या कामाची माहिती असलेला वकील मागता येईल.

खासगी वकील करणार असाल तर आधी एवढेच विचारा: कलम १७ चे अर्ज चालवले आहेत का? वकिलांना जाहिरात करायला आणि निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो, हप्ते भरणे थांबवा, आमची फी आधी भरा’ असा मेसेज पाठवणारी कंपनी म्हणजे तुमचा वकील नव्हे. अशा सल्ल्याने हप्ते थांबतात आणि बँकेची कारवाई मात्र सुरूच राहते.

मुदती

पहिली नोटीस ६० दिवसांची असते. या काळात डीआरटीत जाता येत नाही, पण बँकेला लेखी हरकत देता येते आणि बँकेने १५ दिवसांत तिचे उत्तर द्यायचे असते. थकबाकीचा हिशेब चुकला असेल, भरलेला हप्ता जमा झाला नसेल किंवा मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमीच बाकी राहिली असेल, तर ते इथेच लिहावे. वकील मागण्याची खरी वेळ हीच. हरकत द्या आणि पोच घ्या.

६० दिवसांनंतर बँक दारावर ताब्याची नोटीस चिकटवते आणि वर्तमानपत्रात छापते. कोणी घराबाहेर काढत नाही, म्हणून लोक ती मनावर घेत नाहीत. पण हा प्रतीकात्मक ताबाही कारवाईच आहे आणि तिथून डीआरटीत जाण्यासाठी ४५ दिवस मोजले जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तहसीलदार आणि पोलीस दारात येतात, तोवर ही मुदत बहुधा संपलेली असते.

डीआरटीत अर्ज करण्यासाठी थकबाकीची ठरावीक टक्केवारी आधी भरावी लागत नाही. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. फी तेवढी लागते: दहा लाखांच्या आतील कर्जाला दर लाखामागे ५०० रुपये, म्हणजे आठ लाखांना ४,००० रुपये. अपिलात मात्र थकबाकीच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते आणि ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत कमी होते. म्हणून पहिल्याच पायरीवर बाजू नीट मांडलेली बरी. अर्ज केला म्हणून कारवाई थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. स्थगिती वेगळी मागावी लागते.

वकिलाकडे जाताना कर्जकरार, मंजुरीपत्र, खातेउतारा, सर्व नोटिसा आणि त्या ज्या पाकिटांतून आल्या ती पाकिटे न्या, कारण तारखेचा वाद तिथेच मिटतो. बँकेकडून पूर्ण येणे रक्कम लेखी मागून घ्या. काउंटरवर या कागदाला ‘फोरक्लोजर स्टेटमेंट’ म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, कर्ज एकरकमी फेडायला किती लागतील एवढेच त्यात असते. नातेवाइकांकडून किंवा घर स्वतः विकून ही रक्कम उभी करणार असाल, तर लिलावाची जाहीर नोटीस निघण्यापूर्वी भरा. ती प्रसिद्ध झाल्यावर घर सोडवून घेण्याचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे.