तंबोऱ्याचा भोपळा

यंदाच्या आषाढांत आमच्या रत्नागिरीच्या घरीं सासूबाईंच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यास बुरशी आली व तबलीचा सांधा सुटला. ओलसर भिंतीस टेकवून ठेवण्याची चूक माझीच.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, परसांत फणस पडलाच आहे, त्याचाच नवा भोपळा कोरून घेऊं." सूचना वेडगळ नव्हे, तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाचीच असते. पण मिरजेचा तंबोरा निराळा. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत पिकतो, व पुरता वाळल्यावरच कापतात. दांडी व तबली तून वृक्षाच्या लाकडाची. भोपळ्याचें पातळ, हलकें कवच तारेचा कंप चटकन् घेतें. जड फणस तितका घेणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेबांनीं ही विद्या मिरजेंत रुजविली. २०२४ सालीं तेथील सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें.

शेवटीं तंबोरा मिरजेस नेला. भोपळा शाबूत आहे, असें कारागीर म्हणाले. सांधा सरसानें जोडला, जवारी नव्यानें काढली. पावसाळ्यांत तारा उतरवून ठेवण्यास मात्र मला दोनदां बजावलें. काल पहाटे सासूबाईंनीं चार महिन्यांनीं षड्ज लावला.