ठेवीवर अर्धा टक्का जास्त व्याज, पण जोखीम कोणाच्या डोक्यावर?

शेअर बाजार म्हणजे जोखीम आणि बँकेतली मुदत ठेव म्हणजे निर्धास्त झोप, हे समीकरण बहुतेक मराठी घरांत पक्के आहे. ते अर्धेच खरे आहे. ठेव ठेवणारा प्रत्येक जण बँकेला कर्ज देत असतो. बँक ते पैसे पुढे कोणाला देते, यावर ते परत येणार की नाही हे ठरते. फरक इतकाच, की शेअरची जोखीम रोज मोबाइलवर दिसते आणि ठेवीची जोखीम बँकेच्या दारावर नोटीस लागते त्या दिवशी कळते.

पीएमसी बँकेत काय घडले?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे नंतर उघड झाले. ही कर्जे झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचा आरोप आहे.

जोखमीचा पहिला नियम म्हणजे सगळे पैसे एकाच ठिकाणी न लावणे. बँकेने तोच मोडला, पण किंमत मोजली ठेवीदारांनी. जानेवारी २०२२ मध्ये बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. मात्र, मोठ्या ठेवीदारांचे पैसे १० वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत परत करण्याचे ठरले. निवृत्तीची पुंजी ठेवलेल्या ज्येष्ठांसाठी १० वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हाही शाखांबाहेर तशाच रांगा लागल्या. पुढे ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. दरवेळी असा सुखांत होईलच, याची हमी नाही.

विमा किती आणि कशाला?

१९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर देशात ठेव विम्याचा कायदा आला. १९६२ मध्ये हे संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १ लाखावर गेले आणि तब्बल २७ वर्षे तिथेच थांबले. पीएमसीच्या धक्क्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळणे अपेक्षित आहे.

हे ५ लाख मुद्दल आणि व्याज धरून आहेत. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी ते एकत्रच मोजले जातात. बँक वेगळी असेल तर संरक्षण वेगळे. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हा विमा लागू नाही. गल्लीतल्या पतसंस्थेची पाटी बँकेसारखी दिसते, म्हणून ती बँक होत नाही.

अर्ध्या टक्क्याचा हिशेब

समजा, एखाद्याने अर्धा टक्का जास्त व्याज मिळते म्हणून १० लाख रुपये एकाच कमकुवत बँकेत ठेवले. वर्षाला जादा मिळतात ५,००० रुपये. विम्याबाहेर राहतात ५ लाख. ते बुडाले तर या जादा व्याजातून भरून निघायला १०० वर्षे लागतील! हेच १० लाख तीन बँकांत विभागले, तर पूर्ण रक्कम व्याजासह विम्याच्या छत्राखाली येते.

जोखीम निर्णय कसा बदलते, ते इथे दिसते. विमा असलेला ठेवीदार बँकेची तब्येत न पाहता जास्त व्याजाकडे वळतो, कारण नुकसान दुसरा कोणी भरणार असतो. कमकुवत बँकेलाही त्यामुळे सहज ठेवी मिळतात. त्यात विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे सर्व बँकांना सारखाच राहिला, १०० रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे. सावध चालणारा आणि बेफाम चालवणारा, दोघांच्या गाडीचा विमा एकाच दराने उतरवण्यासारखे हे झाले.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे बदलण्याची घोषणा केली. २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून जोखमीनुसार हप्ता ठरवायचा आणि सुस्थितीतल्या बँकांना सवलत द्यायची, असे धोरण आहे. पाऊल योग्य आहे, पण अपुरे आहे.

ठेवीदारालाही कळायला हवे

बँक किती जोखमीची आहे, हे नियामकाला कळणार आणि बँकेलाही कळणार. मग ५ लाखांवरची जोखीम प्रत्यक्ष उचलणाऱ्या ठेवीदाराला का नको? यावरचा आक्षेप गंभीर आहे. खराब श्रेणी जाहीर झाली की रांगा लागतील आणि तग धरू शकणारी बँकही कोसळेल. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले होते. अमेरिकेत १९९३ पासून जोखमीनुसार हप्ता आहे, तरी तिथेही बँकांची तपासणी श्रेणी गुप्तच ठेवतात.

पण लपवाछपवीने घबराट टळत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. ताळेबंद वाचा, हा सल्लाही पुरेसा नाही. मार्च २०१९ च्या अहवालात पीएमसीचे ढोबळ बुडीत कर्ज ४ टक्क्यांच्या आतच दाखवले होते. त्यामुळे मधला मार्ग काढावा लागेल. श्रेणी वर्षभराच्या अंतराने जाहीर करता येईल. सर्वांत मोठ्या कर्जदार समूहांकडे एकूण कर्जाचा किती टक्के वाटा आहे, हे नावे न देता शाखेत आणि अॅपवर ठळक दाखवणे सक्तीचे करता येईल. पीएमसीत हा एक आकडा खरा दिसला असता, तर अनेक जण वेळीच सावध झाले असते.

तोपर्यंत तीन गोष्टी ठेवीदाराच्या हातात आहेत. एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत राहणे, बँक आणि पतसंस्था यांतला फरक ओळखणे आणि इतरांपेक्षा जास्त व्याज दिसले की ते कशाच्या बदल्यात मिळते आहे, हे विचारणे. जास्त व्याज ही बक्षिसी नसते. ती जोखमीची किंमत असते आणि ती पुरेशी आहे का, हे ठेवीदारानेच ठरवायचे असते.